उणे सोळा

“ताई, इथे मायनस का आहे?”

मागच्या वर्षी टीममध्ये आलेला मुलगा स्क्रीनवर बोट ठेवून विचारत होता. आयफोनच्या ॲपमध्ये एक कार्ड, म्हणजे मजकुराची चौकट, चारही बाजूंनी सोळा पॉइंट (स्क्रीनवरचं माप) आत बसवायचं होतं. डावीकडे सोळा, वर सोळा, उजवीकडे उणे सोळा, खाली उणे सोळा. समास चारी बाजूंना सारखाच, पण दोन आकड्यांच्या पुढे आडवी रेघ. हा मुलगा वेबवरून आलेला. तिकडे सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी लिहायच्या भाषेत, ‘राइट सोळा’ म्हटलं की वस्तू उजव्या कडेपासून सोळाने आत येते, विषय संपला.

मी नेहमीचं उत्तर दिलं. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात. एक्स उजवीकडे वाढतो, वाय खाली वाढतो. म्हणून उजव्या कडेपासून आत यायचं म्हणजे आकड्यात मागे यायचं. त्याने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. मोठ्या माणसाशी फार ताणू नये म्हणून डोलावतात तशी.

मला लागलं ते वेगळंच. या मायनसपासून सगळ्यांची सुटका व्हावी म्हणून आमच्याकडे एक रॅपर आहे, ॲपलच्या कोडवर चढवलेलं आमचं सोपं वेष्टण. लेआउटचे कन्स्ट्रेंट, म्हणजे कुठली वस्तू कुठे बसेल याच्या अटी, सोप्या शब्दांत लिहिता यावेत म्हणून २०१६ साली मीच लिहिलेलं. ते हाताशी असताना लोक ते टाळून थेट ॲपलच्या पद्धतीने लिहितात. का टाळतात, हे मला पक्कं माहीत होतं. फक्त कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

*

आई मिरजेला घरी ब्लाउज शिवायची. कटिंग करताना खडूची रेघ मारली की त्या रेघेच्या बाहेर ती कापड सोडायची, त्याला माया म्हणतात. शिवण रेघेवर पडते, माया आत दडते, आणि पुढे कधी ब्लाउज तंग झाला तर उसवून सैल करायला तीच कामी येते. मायेबद्दलची सूचना नेहमी एकाच पद्धतीची असे: “दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेव.” डाव्या बाजूला अधिक एक आणि उजव्या बाजूला उणे एक असं कुणी म्हटलं असतं, तर आईने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली असती.

तिची एक वही होती. गिऱ्हाइकाचा मापाचा ब्लाउज पिशवीत, आणि वहीत फक्त फरक. ‘बाही मापापेक्षा १ इंच लांब.’ ‘कंबर अर्धा इंच सैल.’ ‘मागचा गळा ८, जास्त नको.’ एका काकूंच्या नावापुढे कायमचं लिहून ठेवलं होतं: ‘कापड कमी पडलं तर बाही आखूड चालेल, उंची कमी नको.’ मला हे सगळं तेव्हा नुसतं ऐकून ऐकून पाठ होतं. पुढे ऑटो लेआउट, म्हणजे अशा अटींवरून स्क्रीन मांडायची ॲपलची पद्धत, शिकताना एकदम लक्षात आलं की ही वही म्हणजे कन्स्ट्रेंटची यादीच आहे. एका गोष्टीचं माप दुसऱ्या गोष्टीच्या हिशेबात. काही ठिकाणी ‘बरोबर’, काही ठिकाणी ‘इतक्यापेक्षा जास्त नको’. आणि कापड पुरलं नाही तर आधी कशाचा बळी द्यायचा, तेही ठरलेलं. या शेवटच्याला आम्ही प्रायॉरिटी म्हणतो. हजार म्हणजे अजिबात तडजोड नाही, साडेसातशे म्हणजे शक्यतो, अडीचशे म्हणजे जमलं तर बघू. काकूंची उंची हजारावर होती.

*

२०१२ च्या आधी आयफोनचं काम करणाऱ्याला आकडे पाठ असायचे. रुंदी ३२०, उंची ४८०, वरची पट्टी २०, नॅव्हिगेशन बार ४४, खालचा टॅब बार ४९. वजाबाकी करायची आणि चौकट ठेवून द्यायची. मग आयफोन ५ आला, उंची ५६८ झाली, आणि त्याच वर्षी आयओएस ६ बरोबर ऑटो लेआउट फोनवर आलं. मॅकवर ते आदल्या वर्षीच, २०११ मध्ये, लायनबरोबर आलं होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा ते चक्क बंद करून ठेवलं होतं. मीही त्यांतलीच. दोन उंच्यांसाठी कशाला एवढा घोळ? २०१४ मध्ये ३७५ आणि ४१४ रुंदीचे फोन आले तेव्हा मुकाट्याने शिकायला बसलो.

आणि शिकायला बसलो तर समोर काय? एक कन्स्ट्रेंट बनवायला सात गोष्टी द्यायच्या. पहिली वस्तू, तिची कड, नातं, दुसरी वस्तू, तिची कड, पट (गुणायचा आकडा) आणि भर (मिळवायचा आकडा). नातं म्हणजे ‘बरोबर’, ‘किमान’ किंवा ‘कमाल’. पट बहुतेक वेळा एक. वाचायला हे एक साधं समीकरण आहे: बटणाची उजवी कड बरोबर एक गुणिले बापाची उजवी कड अधिक उणे सोळा. (स्क्रीनवरच्या प्रत्येक चौकटीला व्ह्यू म्हणतात. ज्या व्ह्यूच्या पोटात आपला व्ह्यू असतो त्याला आम्ही ऑफिसात सर्रास बाप म्हणतो. इंग्रजी डॉक्युमेंटात ‘सुपरव्ह्यू’ असतं, त्यात जिव्हाळा नाही.) एक कार्ड चार कडांना बांधायचं तर चार साते अठ्ठावीस गोष्टी. त्यातली एक चुकली तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हूं की चूं करत नाही.

गणिताच्या बाजूने पाहिलं तर ही सात कलमं अगदी बरोबर आहेत. यामागे कॅसोवरी नावाची रीत आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलात राहणाऱ्या, उडता न येणाऱ्या एका दांडग्या पक्ष्याचं नाव. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲलन बॉर्निंग, पीटर स्टकी, ग्रेग बॅड्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. एकरेषीय समीकरणं आणि असमीकरणं भराभर सोडवायची, आणि एक अट बदलली तर सगळं पहिल्यापासून न करता तेवढाच हिशेब दुरुस्त करायचा, हे तिचं बलस्थान. कल्पना त्याहून कितीतरी जुनी. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड केलं, त्यात प्रकाशाच्या पेनने वेडीवाकडी रेघ ओढून ‘या दोन रेघा समांतर’ असं सांगितलं की यंत्र त्या समांतर करून द्यायचं. बॉर्निंग यांचं १९७९ चं थिंगलॅब त्याच वळणाचं. म्हणजे समीकरण सोडवणाऱ्याला काय हवं, हे ॲपलने चोख जपलं. लिहिणाऱ्याला काय हवं, हा प्रश्न मात्र बराच काळ लटकत राहिला.

त्यातही एकाच घरात तीन बोलीभाषा. इंटरफेस बिल्डरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता स्क्रीन मांडायच्या ॲपलच्या साधनात, माउसने ओढून उजवी कड बांधली की आकडा अधिक सोळा दिसतो, कारण तिथे समीकरणात बाप आधी लिहिला जातो. व्हिज्युअल फॉरमॅट लँग्वेज नावाचा दुसरा प्रकार होता: उभी रेघ, आडवी रेघ, चौकटी कंसात बटणाचं नाव, परत आडवी रेघ, उभी रेघ. दोन भिंतींच्या मधोमध बटण ठेवल्याचं चित्रच. आडव्या रेघांच्या मध्ये आकडा लिहायचा, दोन्हीकडे अधिकच. मला हा प्रकार मनापासून आवडायचा. पण चित्र काढायचं ते अवतरणचिन्हांच्या आत, त्यामुळे नाव चुकलं तरी ॲप चालवून तोंडावर आपटेपर्यंत कळायचं नाही, आणि मधोमध ठेवण्यासारखी साधी गोष्ट त्यात सांगताच यायची नाही. तिसरी बोली म्हणजे कोड. तिथे उणे सोळा. एकच समास, एकच कंपनी, आणि कुठून विचारता त्यावर चिन्ह बदलणार.

२०१५ मध्ये अँकर, म्हणजे कोडमध्ये कडांना थेट नावाने बांधायची सोय, आले तेव्हा अर्धं दुखणं गेलं. आडवी कड उभ्या कडेला बांधायला गेलात तर आता कंपायलरच हात धरतो. मायनस मात्र तसाच राहिला.

*

तर माझं रॅपर. बाजारात तयार लायब्ऱ्या होत्या, मॅसनरी होती, स्नॅपकिट होतं, दोन्ही चांगल्या. पण तेव्हा आमच्या ॲपमध्ये बाहेरचं काही घालायचं तर तीन जणांच्या सह्या लागत, म्हणून दीडशे ओळींचं आपलंच लिहिलं.

पहिली चूक शब्दांची. वर्षभरात त्यात एकाच गोष्टीला पाच नावं झाली. मी ‘इनसेट’ लिहिलं होतं. एका सहकाऱ्याने दोन वस्तूंमधल्या अंतरासाठी ‘गॅप’ आणलं. अँड्रॉइडवरून आलेल्या मुलीने ‘मार्जिन’ची भर घातली. कुणाला ‘पॅडिंग’ सुचलं. ‘ऑफसेट’ कुठून आलं कुणालाच आठवत नाही, पण त्याचं चिन्ह बाकी चौघांच्या उलट होतं. प्रत्येकाने आपापल्या सवयीचा शब्द आणला आणि कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, मी प्रत्येकाला हो म्हटलं, कारण शब्दावरून काय भांडायचं! आता वाटतं, भांडायला हवं होतं. शिंप्याच्या दुकानात मायेला कुणी दाब म्हणू लागलं, कुणी शिलाई, तर आठवड्याभरात एखादीची बाही कोपरापर्यंत येईल.

दुसरी चूक जास्त खोल होती आणि ती तीन वर्षं झोपून राहिली. उजवी आणि खालची कड आली की माझं रॅपर गुपचूप चिन्ह उलटवायचं. लिहिणाऱ्याने सोळा म्हणावं, आत उणे सोळा व्हावं. सुंदर. ‘किमान सोळा’ म्हटलं तर? डावीकडे ठीक: बटणाची डावी कड बापाच्या डाव्या कडेच्या किमान सोळा पुढे. उजवीकडे मी चिन्ह उलटवलं, पण ‘किमान’ तसंच ठेवलं. म्हणजे समीकरण झालं: उजवी कड बापाच्या उजव्या कडेच्या उणे सोळापाशी किमान पोचलीच पाहिजे. त्यापुढे कितीही जा! ३२० रुंदीच्या फोनवर मला सांगायचं होतं ‘३०४ च्या पुढे जाऊ नकोस’ आणि मी सांगत होते ‘३०४ च्या अलीकडे थांबू नकोस’.

तीन वर्षं हे दिसलं नाही, कारण इंग्रजी मजकूर आखूड. लेबल बिचारं ताणून ३०४ पर्यंत जायचं, पण अक्षरं डावीकडून सुरू होत असल्यामुळे वरून सगळं आलबेल. मग एका पतसंस्थेचं काम आलं आणि ॲप मराठीत करायचं ठरलं. इंग्रजीत ‘नॉमिनी’ एवढ्यावर भागत होतं. पतसंस्थेच्या छापील फॉर्मवर मात्र होतं ‘नामनिर्देशित व्यक्तीचे संपूर्ण नाव व नाते’, आणि त्यांना ते अक्षरशः तसंच हवं होतं. डेमोला मॅनेजरसाहेबांनी खिशातून स्वतःचा छोटा फोन काढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मॅडम, इथे नातं तुटलंय.”

तुटलं होतंच. ‘ना’ स्क्रीनवर, ‘ते’ भिंतीपलीकडे. गाडीत बसल्यावर मला हसू आलं, कारण त्या सात कलमांतल्या तिसऱ्या कलमाचं नावच ‘नातं’ आहे, आणि चुकलं होतं ते नेमकं तेच. कन्सोलवर, म्हणजे जिथे ॲपचे इशारे छापले जातात तिथे, एक इशारासुद्धा नव्हता. अटी एकमेकींशी भांडल्या तरच यंत्रणा ओरडते, ‘सगळ्या एकदम पाळता येत नाहीत, एक मोडतेय’ म्हणून सांगते. इथे अटी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. फक्त मला हव्या त्या नव्हत्या.

(त्याच डेमोत ‘कुटुंब’चा उकार खालून छाटला गेलेला दिसला. कुणीतरी लेबलची उंची वीस ठरवून टाकली होती. रोमन अक्षरं त्यात मावतात, आपल्याला वर मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात. उंची बांधून टाकू नका, ‘किमान’ म्हणा आणि बाकी मजकुरावर सोडा. मराठीत ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी भोगलेलं असतं.)

मी घाईघाईने दुरुस्ती केली: चिन्हाबरोबर नातंही उलटवायचं. काम झालं. आणि मग ओटीपीच्या स्क्रीनवर तिसरा घाव बसला.

त्या स्क्रीनवर खाली ‘पुढे’ बटण. कीबोर्ड वर आला की बटणाने त्याच्यावर सरकायचं. रॅपरने परत दिलेला कन्स्ट्रेंट जपून ठेवायचा आणि त्याची भर बदलायची, ही नेहमीची पद्धत. सहकाऱ्याने बरोबर तेच केलं. बटण खालून सोळावर आहे असं रॅपर सांगतं, कीबोर्ड २१६ उंच, म्हणून त्याने भर २३२ केली. कीबोर्ड आल्याबरोबर बटण स्क्रीनच्या खाली गडप. कारण रॅपरने बाहेर बोलताना सोळा म्हटलं होतं, पण परत दिलेल्या कन्स्ट्रेंटच्या पोटात उणे सोळाच होतं. बनवताना एक भाषा, बदलताना दुसरी. दोन तास डोकं फोडल्यावर तो मला म्हणाला, “यापेक्षा ॲपलचा मायनस बरा. तो निदान समोर दिसतो.” त्या दिवसापासून हळूहळू सगळे थेट अँकर लिहू लागले. मी काही बोलले नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

*

“ताई, इथे मायनस का आहे?” याचं खरं उत्तर हे होतं, शून्य कुठल्या कोपऱ्यात आहे ते नव्हे. जेवायच्या सुट्टीत मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो डबा खाता खाता टिश्यू पेपरवर समीकरणं मांडत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “पण चिन्ह उलटवायचंच कशाला? बाजू बदलली तर?”

बटणाची उजवी कड बरोबर बापाची उजवी कड उणे सोळा. हेच उलट मांडा: बापाची उजवी कड बरोबर बटणाची उजवी कड अधिक सोळा. मायनस गेला. आता ‘किमान’ घाला: बापाची उजवी कड किमान बटणाच्या उजव्या कडेच्या सोळा पुढे. नातंही उलटवावं लागलं नाही. आणि हा कन्स्ट्रेंट बाहेर दिला, कुणी त्याची भर २३२ केली, तर बटण वरच जाणार. तिन्ही दुखणी एका फटक्यात. इंटरफेस बिल्डर पहिल्यापासून हेच करत होता, आणि ते मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे नजरेखालून जात होतं.

मला आईची रेघ आठवली. माया कापडाच्या कडेपासून शिवणीपर्यंत मोजायची. कुठली कड, डावी की उजवी, हा प्रश्नच येत नाही, कारण मोजणं कोपऱ्यातून सुरू होत नाही, कडेपासून होतं. मी इतकी वर्षं शून्याच्या कोपऱ्यातून मोजत होते आणि वर रंगरंगोटी करत होते.

मग आम्ही ते रॅपर पुन्हा लिहायला घेतलं. आत सोडायच्या जागेला एकच शब्द ठेवला, इनसेट, आणि दोन शेजाऱ्यांमधल्या अंतराला गॅप. बाकी तीन शब्द कंपायलरकरवी बाद केले. जुना शब्द लिहिला की नवा सुचवतो. डावी-उजवी काढून टाकली, लीडिंग आणि ट्रेलिंग ठेवलं, म्हणजे वाचनाची सुरुवात आणि शेवट, जेणेकरून उद्या उर्दू आली तर स्क्रीन आपोआप आरशासारखा फिरेल. डावी-उजवी आणि लीडिंग-ट्रेलिंग या दोन्ही जाती एका समीकरणात मिसळल्या तर कंपाइल बिनबोभाट होतं आणि ॲप चालताना कोसळतं, तेव्हा तो रस्ताच बंद केलेला बरा.

एका गोष्टीवर आमचं दोन दिवस वाजलं. कोडमधून कन्स्ट्रेंट घालायचे तर आधी व्ह्यूची एक सेटिंग बंद करावी लागते. तिचं नाव ‘ट्रान्सलेट्स ऑटोरिसायझिंग मास्क इंटू कन्स्ट्रेंट्स’. वारीच्या दिंडीएवढं लांब नाव, आणि विसरलं की कन्सोलवर शिव्यांचा पाऊस. ती रॅपरने गुपचूप बंद करावी का? मुलगा म्हणाला करावी, कन्स्ट्रेंटमधल्या दोन्ही व्ह्यूंवर. मी म्हटलं, आपण जो बांधतोय फक्त त्याचीच. बाप आपला नाही. तो टेबलाच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या यादीच्या, सेलचा आतला व्ह्यू असला तर त्याची व्यवस्था टेबल बघतं, तिथे आपण हात घातला की यादी कशीही विस्कटते. त्याला पटेना. मग मी मुद्दाम एक यादी विस्कटून दाखवली.

ॲपलच्या नव्या पद्धतीत स्विफ्टयूआय आहे, त्यात पॅडिंग सोळा म्हटलं की चारी बाजूंना सोळा, हा सगळा खटाटोपच नाही. नव्या स्क्रीन आम्ही त्यातच करतो. पण जुन्या दीडदोनशे स्क्रीन कोण पाडून बांधणार? पतसंस्थेचे सभासद त्याच वापरतात.

महिनाभर तो मुलगा वेळ मिळेल तसा एकेक स्क्रीन उघडून मायनस उपटत होता. शेवटच्या आठवड्यात त्याने मला परत बोलावलं. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर दिसणाऱ्या स्क्रीनवर एक चित्र होतं, मधोमध, पण थोडं वर. उभा मध्य बरोबर बापाचा उभा मध्य, उणे चाळीस.

“हा शेवटचा. बाजू बदलून टाकू?”

“नको.”

“पण मग एक राहील.”

“राहू दे. ही माया नाही. इथे कडच नाहीये, मध्यापासून वर सरकवलंय. वर म्हणजे उणेच.”

तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्या ओळीच्या वर त्याने देवनागरीतच कॉमेंट टाकली, ‘मध्यापासून वर, मुद्दाम’, आणि रिव्ह्यूला माझं नाव लावलं.